गुहागरच्या आगराचा आराखडा: नवशिक्यासाठी घर-बागेचं सोपं सॉफ्टवेअर कसं निवडलं

गुहागरची मूळ वस्ती एका दक्षिणोत्तर रस्त्याच्या कडेनं वसलेली आहे. घरांची तोंडं रस्त्याकडे आणि घरामागे समुद्राच्या बाजूला आगर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, रुंदीला तोकडं पण लांबीला भरपूर. या प्रकरणातली जागाही तशीच. रस्त्याकडची बाजू १२.५ मीटर, लांबी ६८ मीटर, म्हणजे ८५० चौरस मीटर. सातबाऱ्यावर ८.५ आर (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर) आणि घरच्यांच्या बोलण्यात साडेआठ गुंठे. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०१.१७ चौरस मीटर. त्या हिशेबानं खरे गुंठे ८.४ भरतात. हा फरक लहान आहे, पण तो आधीच ठरवून घ्यावा लागतो, कारण सॉफ्टवेअर मीटरमध्ये, गवंडी फूट-इंच-सुतात आणि घर गुंठ्यात बोलतं.

रस्त्यापासून ९ मीटर अंगण, मग ९.५ गुणिले १३ मीटरचं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) कौलारू घर, मागीलदारी विहीर आणि त्यापलीकडे आगर. घरच्यांना तीन गोष्टी ठरवायच्या होत्या: मागच्या पडवीला जोडून न्हाणीघर-संडास होईल का, शोषखड्डा कुठे घ्यायचा, आणि जुने माड गेल्यानं मोकळ्या झालेल्या आगरात नवी लागवड कशी बसवायची. आराखडा काढणार होत्या घरातल्या वहिनी. बचत गटाचे हिशेब त्या एक्सेलमध्ये ठेवतात, पण नकाशाचं कोणतंही सॉफ्टवेअर त्यांनी पूर्वी उघडलेलं नव्हतं. हाताशी ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप होता. इंटरनेट फोनवरून मिळायचं, तेही पावसात बेभरवशाचं. सॉफ्टवेअरवर खर्च करायचा नव्हता. विरारला राहणाऱ्या दिरांचा आग्रह होता, "वहिनी, स्केचअप घ्या, सगळे तेच वापरतात." वहिनींनी तोवर फोनवर एक सजावटीचं अॅप उतरवून त्यात न्हाणीघर मांडलंही होतं.

निवडीचा वाद बहुतेक वेळा दिसण्यावरून होतो. कोणत्या चित्रात सोफा खरा वाटतो, कुठे गवत हिरवंगार दिसतं, यावर लोक सॉफ्टवेअर घेतात. इथे तीनही प्रश्न मापाचे होते. म्हणून पहिली अट अशी ठेवली की भिंतीची लांबी आणि जाडी आकड्यानं टाइप करता आली पाहिजे. दुसरी, इंटरनेट नसताना फाइल उघडली पाहिजे. तिसरी, ठरलेल्या प्रमाणात कागदावर छापता आलं पाहिजे, कारण काम करणारा गवंडी स्क्रीन बघणार नाही, कागदावर पट्टी लावणार. चौथी, हातानं काढलेला नकाशा खाली ठेवून त्यावर गिरवता आलं पाहिजे. सुंदर चित्र ही अट यादीत नव्हतीच.

या चाळणीत फोनवरचं अॅप लगेच गळलं. बोटानं ओढलेली भिंत दहा-पंधरा सेंटिमीटर इकडेतिकडे सरकते आणि ते कळतही नाही. लिब्रेकॅड हे रेषांचे नकाशे काढण्याचं सॉफ्टवेअर मोफत आहे, अचूक आहे, नेटशिवाय चालतं. पण त्यात रेषा ही फक्त रेषा असते. भिंत, दार, खिडकी असं काही ते ओळखत नाही, आणि उभं चित्र दाखवत नाही. नवशिक्यानं ते शिकण्यात जो वेळ जाईल तो या कामाला परवडणारा नव्हता. स्केचअप फ्री हे खरंच ताकदीचं साधन आहे. छप्पर, उतार, तिरके कोन यांत ते बाकीच्यांच्या पुढे आहे. मात्र ते ब्राउझरमध्ये चालतं, म्हणजे नेट गेलं की काम थांबलं. शिवाय त्यात सुरुवातीला प्रत्येक भागाचा वेगळा गट करण्याची शिस्त अंगी लागावी लागते. ती नसेल तर एक भिंत हलवताना चिकटलेली दुसरी ताणली जाते आणि नवशिक्याला वाटतं आपलंच काही चुकतंय.

उरलं स्वीट होम ३डी. ते मुक्त स्रोत आहे, २००६ पासून उपलब्ध आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. वर सपाट नकाशा आणि खाली त्याच वेळी त्रिमित दृश्य अशी त्याची मांडणी आहे, त्यामुळे वर रेघ ओढली की खाली भिंत उभी राहते. नवशिक्याला हे फार मोलाचं आहे. जुन्या लॅपटॉपवर कधी त्रिमित खिडकी कोरी राहते. त्याचं कारण बहुधा ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर असतो, आणि सपाट नकाशाचं काम तरीही करता येतं. निवड इथेच झाली.

पुढचं काम लॅपटॉपवर नव्हतं, टेपवर होतं. ३० मीटरची टेप, दोन माणसं, चार खुंट्या आणि आलेखाचा कागद. जोत्याच्या चारही बाजू मोजल्या, मग दोन्ही कर्ण. घर काटकोनात असतं तर ९.५ आणि १३ च्या आयताचे दोन्ही कर्ण १६.१० मीटर आले असते. आले १६.०२ आणि १६.१९. जुन्या घरात असं असतंच, पण हे माहीत नसताना आयत काढला तर मागची पडवी नकाशात एका जागी आणि जमिनीवर दुसऱ्या जागी येते. झाडं आणि विहिरी तिकोनी मापानं घेतल्या, म्हणजे जोत्याच्या दोन ठरलेल्या कोपऱ्यांपासून प्रत्येक खोडापर्यंतची दोन अंतरं. कागदावर कंपासनं दोन कंस मारले की ते जिथे छेदतात तिथे झाड. अख्खी जागा १:२०० प्रमाणात ३४ सेंटिमीटर लांब होते, ए-३ कागदावर बसते. घर वेगळं, १:५० मध्ये काढलं, कारण १:२०० मध्ये एक मिलिमीटर म्हणजे २० सेंटिमीटर, आणि भिंतीसाठी ते चालत नाही.

हा कागद स्कॅन करून 'इम्पोर्ट बॅकग्राउंड इमेज'मधून आत घेतला. फोननं तिरका फोटो काढला तर कागदाचं एक टोक मोठं होतं. म्हणून स्कॅनरच बरा, किंवा कडा सरळ करून देणारं स्कॅनचं अॅप. सॉफ्टवेअर एक रेघ ओढायला सांगतं आणि तिची खरी लांबी विचारतं. इथली चूक सगळ्यात महाग पडते. एखाद्या ३ मीटर बाजूवर ही रेघ धरली आणि ५ सेंटिमीटर चुकली, तर ६८ मीटरवर ती चूक १ मीटर १३ सेंटिमीटर होते. म्हणून मोजलेलं सर्वांत लांब अंतर धरायचं. इथे गडग्याची, म्हणजे हद्दीवरच्या दगडी कुंपणाची, पूर्ण ६८ मीटर बाजू धरली.

गिरवायला बसण्याआधी आवडीनिवडीत ('प्रेफरन्सेस'मध्ये) एकक सेंटिमीटर केलं आणि नव्या भिंतीची जाडी बदलली. मूळ जाडी ७.५ सेंटिमीटर असते. कोकणात चिरा साधारण १४ × ९ × ७ इंचांचा, खाणीप्रमाणे थोडा कमीजास्त. तो ९ इंची भिंतीत बसवून दोन्हीकडून गिलावा केला की २५ सेंटिमीटर. वहिनींनी अॅपमध्ये पातळ भिंतींनी काढलेल्या ३.६ × २.१ मीटरच्या जोडखोलीत संडास आणि न्हाणी प्रत्येकी १.६९ मीटर रुंद दिसत होत्या. २५ सेंटिमीटरच्या तीन भिंती धरल्या की प्रत्येकी १.४२ उरतात, आणि आतलं दुसरं माप १.९५ वरून १.६० वर येतं. मधली भिंत चार इंची विटेची घेऊन गिलाव्यासह १२ सेंटिमीटर धरली तेव्हा रुंदी १.४९ झाली आणि बादली, बंब, दाराचा फिरता पल्ला हे सगळं कसंबसं बसलं. इथे आणखी एक खाच आहे. हे सॉफ्टवेअर भिंत तिच्या मध्यरेषेवर मोजतं. बाहेरून ३.६ हवं असेल तर ३.३५ टाइप करायचं आणि २.१ साठी १.८५. रेघ ओढायला सुरुवात करून एंटर दाबलं की लांबी आणि कोनाचे रकाने उघडतात, त्यातच आकडा भरावा. शिवाय भिंत ओढताना ती १५ अंशांच्या पटीत आपोआप ओढली जाते. काटकोनात नसलेलं जुनं घर गिरवताना हे चुंबकत्व आवडीनिवडीत जाऊन बंद केलं.

आता पहिला प्रश्न. मागच्या पडवीचं कौल तसंच पुढे ओढून खाली न्हाणीघर घ्यायचं, अशी घरात सगळ्यांची धरून चाललेली कल्पना होती. पडवीची कड जोत्यापासून २.२५ मीटर उंच. छपराचा उतार पाणपातळीनं मोजला, आडव्या १ मीटरला ५० सेंटिमीटर उतरत होता. स्वीट होम ३डी मध्ये छपराचं वेगळं साधन नाही, आणि ही त्याची खरी उणीव आहे. पण एका भिंतीला दोन टोकांना दोन उंची देता येतात. तशी तिरकी भिंत काढली: सुरुवातीला २२५, आणि २.४ मीटर पुढे गेल्यावर १०५. त्रिमित दृश्यात कौलाची कड माणसाच्या कमरेला आली. जमीन ३० सेंटिमीटर खाली घेतली तरी १ मीटर ३५. तो बेत तिथेच संपला. कौलारू घराला मागे जोडकाम करताना कोकणात ही चूक वारंवार होते. मग उतार कमी करून कौलं घातली जातात आणि मृगाच्या पहिल्या झडीतच पाणी उलटं शिरतं.

म्हणून जोडखोली घरापासून १.५ मीटर सोडून, उत्तर गडग्यापासून १ मीटर आत, स्वतंत्र छपराखाली घेतली. मधल्या पट्ट्यावर पत्र्याची पाखी. गवंड्यानं छापील नकाशा पाहून विचारलं, "वहिनी, ह्याची पागोळी कुठं पडणार?" प्रश्न बरोबर होता. छपराची कड भिंतीबाहेर ७५ सेंटिमीटर, म्हणजे उत्तरेला गडग्यापासून २५ सेंटिमीटरवर धार पडते. कडेला पन्हळ लावून पाणी मागे आगरात वळवायचं ठरलं आणि ती रेघ नकाशात घातली. चिऱ्यांचा हिशेब सॉफ्टवेअर करत नाही. तो हातानं केला: मध्यरेषेची लांबी १०.४ मीटर, उंची २.४, दारं आणि झरोके वजा जाता सुमारे २२ चौरस मीटर. दर चौरस मीटरला १४-१५ चिरे, म्हणजे ३२० च्या आसपास. तुटीसह ३५० मागवायचे.

शोषखड्ड्याचा प्रश्न रंजक निघाला, कारण त्याचं उत्तर आपल्या गडग्याच्या आत नव्हतं. विहिरीपासून १५ मीटर हे किमान अंतर म्हणून सांगितलं जातं. पुळणीत (वाळूच्या जमिनीत) सांडपाणी वेगानं पसरतं, म्हणून इथे १८ धरलं. जोडखोलीच्या लगेच मागे खड्डा घेतला तर घरची विहीर ८ मीटरवर. 'क्रिएट डायमेन्शन्स'नं रेघ टाकली की आकडा समोर येतो. खड्डा रस्त्यापासून ४४ मीटरवर नेला, घरच्या विहिरीपासून १८.५ झाले, सगळे खूश झाले. मग शेजाऱ्यांची विहीर नकाशात टाकली. उत्तरेकडच्या शेजाऱ्यांची विहीर गडग्यापलीकडे ३ मीटरवर आहे, आणि तिच्यापासून हा खड्डा १० मीटरही नव्हता. बारा मीटर रुंदीच्या आगरांत प्रत्येकाची विहीर म्हणजे दोघा शेजाऱ्यांचा प्रश्न असतो. नकाशा गडग्यावर थांबवू नये, दोन्हीकडे किमान २० मीटर पुढे न्यावा. दक्षिणेच्या शेजाऱ्यांची विहीर रस्त्याजवळ निघाली, ती दूर होती. शेवटी खड्डा रस्त्यापासून ५५ मीटरवर, दक्षिण गडग्यापासून ४ मीटर आत आला. उत्तरेच्या शेजाऱ्यांच्या विहिरीपासून १८.९, घरच्या विहिरीपासून २९. सेप्टिक टाकी जोडखोलीजवळच, आणि टाकीपासून खड्ड्यापर्यंत सुमारे २८ मीटर नळी. १०० ला १ उतार म्हणजे २८ सेंटिमीटर खोली जास्त. पुळणीत पावसाळ्यात पाणी किती वर येतं हे सॉफ्टवेअरला कळत नाही. श्रावणात विहिरीतल्या पाण्याची जमिनीपासूनची खोली मोजायची, आणि खड्ड्याचा तळ त्याच्या वर राहील एवढाच खोल खणायचा, ही अट नकाशावर लिहून ठेवली.

लागवडीत फसवणूक होते ती चित्रातल्या झाडाच्या आकारानं. कॅटलॉगमधलं झाड आहे तसं मांडलं की ते एखाद्या मीटरच्या गोलात बसतं, आणि घरच्यांना हवे होते ते १६ माड आरामात मावतात. माडाची झावळी चार-पाच मीटर लांब असते, वाढलेल्या माडाचा माथा ८ मीटरच्या आसपास पसरतो. दोन माडांत ७.५ मीटर अंतराची शिफारस त्यासाठीच आहे. प्रत्येक झाडाची रुंदी-खोली बदलून ८०० सेंटिमीटर केली. १२.५ मीटरच्या रुंदीत ७.५ च्या दोनच ओळी बसतात, दोन्हीकडे अडीच मीटर सोडून. मागच्या ३८ मीटर लांबीत ओळीला पाच, एकूण दहा. त्यातली एक जागा शोषखड्ड्यानं खाल्ली, तीन जागा उभ्या असलेल्या जुन्या माडांच्या फार जवळ आल्या. उरल्या सहा. घरच्यांना हे पटायला वेळ लागला, पण दाट लावलेले माड उजेडासाठी उंच पळतात आणि फळायला उशीर करतात, हे आजूबाजूच्या आगरांतच दिसतं. मधल्या जागेत सुपारी २.७ मीटर अंतरानं, माडाच्या खोडावर मिरी, सावलीत जायफळ आणि दालचिनी. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रानं लाखीबाग म्हणून जी मिश्र लागवड पुढे आणली, तिचंच हे छोटं रूप. रोपं घेताना हापूस कलमाचाही विषय निघाला. त्याला १० मीटर अंतर लागतं, नकाशात तो गोल ठेवून बघितला आणि सोडून दिला.

नवी झाडं वेगळ्या पातळीवर ठेवली. 'अॅड लेव्हल अॅट सेम एलिव्हेशन' ही सोय त्यासाठी फार उपयोगी आहे. आजचं आगर एका पातळीवर, दहा वर्षांनंतरचं दुसऱ्या, आणि हवी ती दिसती-लपती करता येते. सगळं एकाच पातळीवर टाकलं की भिंत हलवायला जावं आणि माड हातात यावा, असं होत राहतं.

भाजीच्या वाफ्याची जागा उन्हावरून ठरली. 'मॉडिफाय कंपास'मध्ये उत्तर दिशा फिरवून बसवायची आणि अक्षांश-रेखांश हातानं भरायचे, गुहागरसाठी १७.४८ आणि ७३.१९. न भरल्यास सॉफ्टवेअर संगणकाच्या घड्याळावरून जागा गृहीत धरतं. स्केचअपच्या फाइलचं मूळ ठिकाण तर अमेरिकेतलं बोल्डर, ४० अंश उत्तरेला. डिसेंबरच्या अखेरीस गुहागरला माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे ४९ अंशांवर असतो, बोल्डरला २६-२७ वर. दक्षिण गडग्याला लागून शेजाऱ्यांचा १२ मीटर उंच फणस आहे. त्याची खरी सावली १०.४ मीटर, पण ठिकाण न बदलता पाहिली तर २४ मीटर दिसते. बरोबर ठिकाण घालून पाहिलं तेव्हा फणसाच्या रेषेत उत्तर गडग्याजवळ दोन मीटरचा पट्टा उन्हात राहिला. तांबडा माठ, मुळा, वालीचा वाफा तिथेच. ही सावली पाहायला 'क्रिएट फोटो'त गुणवत्तेच्या चार पायऱ्यांपैकी वरच्या दोनच घ्याव्या लागतात, तारीख-वेळ तिथेच भरता येते. चित्राचा आकार लहान ठेवावा, नाहीतर जुना लॅपटॉप बराच वेळ अडकतो. वेळ १२ ऐवजी १२.३५ घालावी, कारण गुहागर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरंच पश्चिमेला आहे आणि खरी माध्यान्ह तेव्हा होते.

वाळवणासाठी मेचं ऊन पाहिलं. १० मेच्या सुमारास सूर्य इथे डोक्यावरून जातो, दुपारी सावल्या पायाशी येतात. अडीच वाजता १५ मीटर माडाची सावली पूर्वेकडे ८ मीटरच्या आत असते, चार वाजता १७ मीटर. सर्वांत पुढचा माड रस्त्यापासून ३४ मीटरवर, म्हणजे घरामागचे तीन-चार मीटर अडीचपर्यंत मोकळे. आमसुलं आणि फणसपोळीचा ओटा तिथे घेतला.

छापताना एकच गोष्ट नेहमी बिघडते. 'पेज सेटअप'मध्ये १:१०० भरलेलं असतं, पण झेरॉक्सच्या दुकानात छपाईला 'फिट टू पेज' लागलेलं असतं आणि नकाशा पाच-सात टक्क्यांनी आकसतो. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात ५ मीटरची एक मापरेषा काढून ठेवायची आणि दुकानातच पट्टी लावायची. ५ सेंटिमीटर भरली तरच पैसे द्यायचे. गवंड्याला द्यायची प्रत काढताना आवडीनिवडीत एकक फूट-इंच केलं, सगळे आकडे आपोआप बदलले.

हा नकाशा परवानगीचा नकाशा नव्हे. तो परवानाधारक अभियंत्याकडूनच करून घ्यावा लागतो, आणि आगराचं मागचं टोक किनाऱ्याकडे असल्यानं सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) रेषा मंजूर नकाशावरूनच घ्यावी लागते. मात्र अभियंत्याकडे जाताना हे कागद बरोबर असले की तो पहिल्या भेटीतच कामाचं बोलतो.

जागा उताराची असती, संगमेश्वर-लांज्याकडच्या घरांसारखी टप्प्याटप्प्यांची, तर ही निवड चुकली असती. स्वीट होम ३डी जमीन सपाटच धरतं. तिथे घर यात काढून उतार आणि बांध स्केचअपमध्ये घ्यावेत, आणि नेट नीट चालतं त्या ठिकाणी बसून घ्यावेत. दिरांचा आग्रह तशा जागेसाठी योग्य ठरला असता.